वन्संचा शिक्का

'सहकार्य' हा शब्द कुणी उच्चारला की हल्ली माझं डोकं फिरतं. दुसरा शब्द 'संधी'. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दोन्ही शब्द माणसाएवढ्या अक्षरांत लावले होते. वर दोन देशांचे झेंडे, खाली हसणारे चेहरे. त्या चेहऱ्यांत आमच्या वन्संचाही एक होता. फोटो काढताना त्यांना सांगितलं होतं, "बाई, जरा हसा." त्या हसल्या नाहीत. मग कुणीतरी संगणकावर त्यांच्या ओठांची टोकं वर ओढून दिली. वन्संना जे ओळखतात त्यांना तो फोटो पाहून धडकीच भरावी.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या आधीच माहेरी परतल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याला दुसरी कुणी आवडली होती. वन्सं रडल्या नाहीत की पाया पडल्या नाहीत. हातगाडी बोलावली, तिच्यावर आपली शिवणयंत्राची पेटी चढवली आणि म्हणाल्या, "यंत्र माझं, भांडी तुझी. घासत बस." आणि आल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी यंत्र मांडलं आणि गाद्यांच्या खोळी, पडदे, सोफ्याची कव्हरं असं मिळेल ते शिवायला लागल्या. माझं आणि त्यांचं पहिली काही वर्षं मुळीच पटलं नाही, हे इथे सांगून टाकते. त्यांचं तोंड म्हणजे कात्रीच. पण माझ्या बाळंतपणात ज्या बाईने माझं सगळं केलं, ते कुणाला दिसू न देता केलं, तीही हीच.

मग विमानतळाच्या मागच्या मोकळ्या जागेत ते मोठं हँगर उभं राहिलं. हँगर म्हणजे विमानांचं गॅरेजच म्हणा. जुनी झालेली विमानं तिथे येतात, आतून नवी होतात आणि जातात. खुर्च्यांची कव्हरं शिवायला बायका हव्या होत्या. वन्सं गेल्या. मला वाटलं होतं खुर्चीचं कव्हर ते काय, घरच्या सोफ्यासारखंच. नाही. कापड पेटता कामा नये, दोरा ठरलेलाच हवा, टाका ठरलेल्या लांबीचाच हवा. खुर्चीखाली पाण्यात तरंगायचं जाकीट असतं, त्याची पिशवी एका हिसक्यात उघडली पाहिजे आणि हिसका दिल्याशिवाय मुळीच उघडता कामा नये. वन्संनी त्याच्या परीक्षा दिल्या. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझी लेक पाढे म्हणायची आणि दुसऱ्या टोकाला तिची आत्या नियम पाठ करायची. लेक आधी पास झाली. आत्या दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास होऊन आली ती दारातूनच ओरडत, "अगं ए, बाहेर ये. शिक्का मिळाला!"

तो शिक्का मी हातात घेऊन पाहिला आहे. अंगठ्याएवढा, पोलादी, बुडाला एक आकडा. तो आकडा वन्संचा, दुसऱ्या कुणाचा नाही. खुर्च्यांचं काम तपासून झालं आणि वापरलेलं प्रत्येक अवजार जागेवर परत आलं, की वन्सं कागदावर तो शिक्का उमटवायच्या आणि मगच विमान दाराबाहेर जायचं. पुढे कितीही वर्षांनी, कुठल्याही देशात त्या खुर्च्यांचं काही वाईट झालं, तर त्या आकड्यावरून माणसं थेट आमच्या दारात येऊन उभी राहिली असती. बाकीच्या बायकांना तो डोक्याला ताप वाटायचा. वन्सं तो गळ्यात साखळीत घालायच्या. म्हणायच्या, "हे माझं नाक आहे. फक्त जरा खाली लटकतंय."

हँगरमध्ये त्यांना थांबाबाई म्हणत. सगळं आवरून माणसं घरी निघाली की वन्संचं सुरू, "थांबा." कारण तिथल्या भिंतीवर एक मोठी फळी आहे. प्रत्येक अवजाराची जागा तिच्यावर ठरलेली, आणि त्या जागी त्या अवजाराची काळी आकृती रंगवलेली. सुई, दाभण, कात्री, पक्कड, सगळ्यांची. काम संपलं की फळीकडे बघायचं. एखादी आकृती नुसतीच काळी दिसली, तर ते अवजार कुठेतरी बाहेर आहे. आणि बाहेर म्हणजे बहुतेक विमानात. या बघण्याला तिथे हजेरी म्हणतात. हजेरी पूर्ण नसेल तर विमान हलत नाही, मग खुर्च्या पुन्हा उपटायला लागल्या तरी चालेल. मी एकदा विचारलं होतं, "एका कात्रीसाठी एवढं?" तर म्हणाल्या, "घरात कात्री हरवली तर आपण तिला शोधतो. विमानात हरवली तर ती आपल्याला शोधते. खुर्चीखालून घसरते, फटीतून जमिनीखाली जाते. तिथे काय काय आहे ते तुला सांगत नाही, तू पुन्हा विमानात बसणार नाहीस."

हे वेड त्यांनी घरीही आणलं. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारा, किसणी, चिमटा यांच्या आकृत्या आहेत, तेलरंगात. पाहुण्यांना वाटतं लेकीने काढल्यात. आम्ही सगळे एकदाच विमानाने गेलो, तेव्हा संपूर्ण प्रवासभर वन्सं खिडकीबाहेर एकदाही बघायला तयार नाहीत. पुढच्या खुर्चीची पाठ बघत बसल्या. उतरताना हवाईसुंदरीला म्हणाल्या, "अमुक खुर्चीच्या हाताची शिवण उसवणार आहे, सांगून ठेवा." ती बिचारी "धन्यवाद, पुन्हा या" म्हणाली.

तर अशी बाई. आता कराराकडे येते.

समुद्रापलीकडच्या एका देशाशी आपल्या देशाचा करार झाला. त्यांच्या कंपनीची सगळी जुनी विमानं आतली कामं करून घ्यायला इथे येणार. इथे शिवलेली खुर्च्यांची कव्हरं तिकडे विकली जाणार. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे दोन्हीकडची मान्यता एक होणार. इथला शिक्का तिकडे चालेल, तिकडचा इथे. हे वन्संनी जेवताना सांगितलं. आवाज अगदी कोरडा, पण ताटातली पोळी तशीच राहिली होती. "म्हणजे माझा आकडा आता दोन देशांत," असं म्हणून त्या पाणी प्यायल्या. ह्यांनी टाळी वाजवली. मी देवापाशी जास्तीची वात लावली. माझी ही सवय आहे, चांगलं झालं की एक वात जास्त.

पहिलं विमान आलं. वन्सं आणि त्यांच्या हाताखालच्या बायकांनी जिवाचं रान केलं. विमान परत द्यायचा समारंभ ठरला. मंत्री येणार, पलीकडचे पाहुणे येणार, फीत कापली जाणार. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. आम्ही दोघं ठेवणीतले कपडे घालून गेलो. हँगरची ती प्रचंड दारं उघडी होती, आत ते पांढरंशुभ्र विमान, त्याच्या जिन्याला आडवी फीत. कामगारांची रांग छोटे झेंडे घेऊन एका बाजूला उभी होती. तिच्यात वन्सं दिसेनात.

त्या आल्या मागून, आणि धप्पकन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही इथे कशा? तुमची रांग तिकडे आहे ना?"

"माझी रांग गेली. सरक जरा."

मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. साखळी नव्हती.

त्या पुढे बघत, ओठ न हलवता बोलत होत्या. सकाळी हजेरीला एक कात्री कमी भरली. मोठी, कापड कापायची. काल संध्याकाळी फळीवर होती, वन्संनी स्वतः टांगली होती. आज सकाळी आकृती काळी. सकाळी विमानात शेवटचा हात फिरवायला बायका गेल्या होत्या, त्यातल्या कुणी नेली असेल. विचारलं, सगळ्या नाही म्हणाल्या. मग वन्संनी तो शब्द उच्चारला, "थांबा." मोठे साहेब धावत आले. मोठे साहेब म्हणजे हँगरचे मुख्य. म्हणाले, "आज? आज थांबा? मंत्री रस्त्यात आहेत!" वन्सं म्हणाल्या, "मंत्र्यांना सांगा खुर्च्या उपटतोय." साहेबांनी कोठारातून नवी कोरी कात्री मागवली आणि स्वतःच्या हाताने फळीवर टांगली. "झाली हजेरी पूर्ण. मारा शिक्का."

"मग?" मी विचारलं.

"मग काय मग! म्हटलं, ही कात्री आज जन्मली. हरवलेली ती नव्हे. नाही मारला."

"आणि?"

"म्हणाले साखळी काढा. काढली. मग चष्मेवालीला बोलावलं आणि तिने आपला शिक्का मारला."

चष्मेवाली म्हणजे वन्संनीच शिकवलेली बाई, हल्लीच स्वतःचा शिक्का मिळालेली. मी तिला रांगेत शोधलं. ती झेंडा खाली धरून उभी होती, चष्मा काचांसकट ओला.

"घाबरली असेल हो," मी म्हटलं.

"घाबरायचा तिला हक्क आहे. शिक्का मारायचा नव्हता." वन्संच्या मानेची शीर टरारली होती. "या विमानात माणसं बसून समुद्रावरून जाणार आहेत आज, आणि माझी कात्री त्यात आहे की नाही हे इथे एकाही माणसाला ठाऊक नाही."

पलीकडून हे वाकून म्हणाले, "ताई, हळू. लोक बघतायत." माझ्या नवऱ्याचं हे जन्माचं वाक्य आहे. हळू, लोक बघतायत.

भाषणं झाली. सहकार्य झालं, संधी झाली, आकाशाला कुंपण नसतं असंही झालं. मंत्री म्हणाले, या कराराने दोन देशांचे हात हातात आले आहेत. माझे हात मांडीवर होते आणि त्यांतला एक वन्संनी इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली. मग फीत. हसरा पुढे झाला. हसरा म्हणजे हँगरचा प्रसिद्धीवाला, तोच तो फोटो काढणारा. रात्री झोपेतही दात दिसत असतील असा माणूस. त्याच्या हातात मखमल अंथरलेलं तबक आणि तबकात कात्री.

माझ्या हातावरची पकड सुटली.

"थांबा!"

मी पुष्कळदा ऐकलेला शब्द, पण हँगरच्या त्या छताखाली तो असा घुमला की मंत्र्यांचा हात हवेतच राहिला. वन्सं खुर्च्यांच्या मधून वाट काढत सरळ पुढे गेल्या. "ती खाली ठेवा. ती फळीवरची कात्री आहे. मुठीवर पिवळी पट्टी आहे, बघा. ही इथे कशी आली?"

हसरा हसतच म्हणाला, "अहो, समारंभाची चांदीची कात्री गाडीत राहिली, गाडी गेली मंत्र्यांना आणायला. सकाळी भिंतीवर ही दिसली, घेतली. एवढ्या टांगल्या होत्या की!"

एवढ्या टांगल्या होत्या की! देवा, मी शिव्या देत नाही. पण मला त्या येतात हे त्या क्षणी कळलं.

पलीकडच्या पाहुण्यांना काही समजेना. ते दुभाष्याकडे बघू लागले. हसऱ्याने दुभाष्याला बाजूला सारलं आणि स्वतःच त्यांच्या भाषेत काहीतरी गोड बोलला. पाहुण्यांचे चेहरे उजळले. टाळ्या सुरू झाल्या. मागून कळलं, तो म्हणाला होता, 'या आमच्या सर्वांत जुन्या शिवणकाम करणाऱ्या बाई. आपल्या हाताने फीत कापावी अशी यांची इच्छा आहे.' मंत्रीही खूश. त्यांनी मोठ्या मनाने कात्री वन्संपुढे धरली, फोटोवाले सरसावले. "या ताई, कापा!"

वन्संनी कात्री घेतली. पाती उघडून बघितली, धार बघितली, मिटली. आणि पाठ फिरवून सरळ फळीकडे चालत गेल्या. नवी कात्री काढून खाली ठेवली, जुनी तिच्या आकृतीवर टांगली. फीत तशीच. टाळ्या हळूहळू थांबल्या, पाऊस थांबावा तशा. शेवटी मंत्र्यांनी फितीची गाठ नखाने सोडवायचा प्रयत्न केला. ती गाठ वन्संनीच मारलेली असावी, सुटेना. दोन माणसांनी धरून ओढली.

मी हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले. ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

समारंभ संपल्यावर मोठे साहेब जवळजवळ धावतच आले. त्यांचा चेहरा लालबुंद. "समाधान झालं? विमानात नव्हती ना कात्री? सकाळपासून नुसता थयथयाट! काय निघालं त्यातून?"

वन्सं म्हणाल्या, "साहेब, ती विमानात नव्हती हे तुम्हाला आत्ता कळलं. शिक्का तुम्ही सकाळी मारून घेतलात."

"पण नव्हतीच ना!"

"सकाळी तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"नव्हतीच, म्हणजे मी बरोबर होतो!"

हे असं तीनचार वेळा झालं. आंधळ्याने रस्ता ओलांडला, मेला नाही, म्हणून त्याला दिसतं असं ठरवायचं, आणि 'गाडी येतेय का बघ' म्हणणाऱ्याला मूर्खात काढायचं. हे शिकलेसवरलेले लोक. मला तर वाटतं त्यांना ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच ओरडत होते.

शिक्का परत मिळाला नाही. 'चौकशी होईपर्यंत' असं म्हणाले. हसऱ्याला कुणी काही म्हणालं नाही. उलट त्याने प्रसंग कसा सावरला याचं कौतुक झालं. वन्सं कामावर जात राहिल्या, पण त्यांनी शिवलेलं तपासायला दुसरीच येऊ लागली.  घरी त्यांचा हात वारंवार गळ्याशी जायचा, साखळी नसलेल्या जागी.

वस्तीत तर माझं चालणं मुश्कील झालं. भाजीच्या दुकानात समोरच्या घरातली वहिनी, तिचा नवरा हँगरमध्येच रंगाच्या कामाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या मुलांच्या तोंडचा घास होता हो तो करार. काहींना मात्र मिरवायची हौस." मी म्हटलं, "तुमच्या नवऱ्याने रंगवलेलं विमान खाली पडलं असतं तर रंग छान होता असं सांगितलं असतं का लोकांनी?" ती म्हणाली, "पडलं का? पडलं का?" पुन्हा तेच. मी भाजी न घेताच परत आले आणि त्या दिवशी सगळ्यांनी डाळच खाल्ली.

आणि मग एका संध्याकाळी मोठे साहेब स्वतः आमच्या घरी आले. मी देवापाशी बसले होते, उठावं लागलं. त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ. वन्संनी तो घेतला नाही म्हणून मी घेतला, आणि कुठे ठेवावा ते कळेना म्हणून मोरीत ठेवला.

साहेब आज मवाळ होते. म्हणाले, पलीकडच्या कंपनीने विचारलं आहे, कामाचं अवजार तबकात कसं गेलं? उत्तर द्यावं लागतंय. "ताई, तुम्ही एवढंच सांगा की कात्री तुम्हीच दिलीत. समारंभासाठी, तुमच्या हाताने. गडबडीत विसरलात. संपलं. माणूस विसरतो. तुमचा शिक्का उद्या गळ्यात."

"आणि सकाळचं?"

"सकाळचं काही नाही. सकाळ झालीच नाही असं समजा."

ह्यांनी लगेच, "ताई, काय जातंय? एक वाक्य आहे."

"तुझं काय जातंय, ते बघ आधी," वन्सं म्हणाल्या. मग साहेबांना, "मी दिली म्हटलं की चष्मेवालीने मारलेला शिक्का बरोबर ठरतो. तुम्ही टांगलेली नवी कात्री बरोबर ठरते. उद्या पुन्हा कुणी भिंतीवर दिसली म्हणून उचलली, तर तुम्ही म्हणाल, मागे नाही का, थांबाबाईंनीच दिली होती."

"तुम्ही करारच बुडवायला निघालात!"

"करार एवढ्याने बुडत असेल तर त्यात बसून समुद्र ओलांडू नका."

साहेब उठले. दारात म्हणाले, "विचार करा. चौकशीत हेच विचारणार आहेत. दोनच उत्तरं आहेत." ते गेल्यावर ह्यांनी तोंड उघडलं आणि घरात त्या संध्याकाळी जे भांडण झालं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की मी नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या बहिणीने नवरा सोडताना भांडी ठेवली, यंत्र आणलं. तुम्ही तिला सांगताय यंत्र ठेव, भांडी घे." वन्सं आतल्या खोलीतून ओरडल्या, "माझ्या नवऱ्याचा दाखला नको! त्या माणसाला त्यातलं काहीच वापरता येत नव्हतं!"

चौकशीला मी बरोबर गेले. मला आत घेतलं नाही. साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसले, मधे नुसती काच. आत साहेब, पलीकडच्या कंपनीच्या एक अधिकारी बाई, दुभाषा आणि वन्सं. मी मनात जप करत होते, पण खोटं कशाला बोलू, जप जागेवर राहत नव्हता. देवाला काय मागू हेच ठरेना. 'शिक्का मिळू दे' म्हणावं तर त्याची किंमत ते वाक्य. 'वन्सं ते वाक्य न बोलोत' म्हणावं तर त्यांचं नाक जाणार. शेवटी म्हटलं, तू बघ बाबा, माझ्या आवाक्यातलं नाही.

प्रश्न झाला. वन्संचा आवाज काचेतूनही स्पष्ट आला. "मी दिली नाही. मी टांगली होती. ती फळीवरून न विचारता नेली गेली, आणि ती सापडलेली नसताना विमान मोकळं केलं. तुमच्या माणसांसाठी सांगते आहे, आमच्या नव्हे."

दुभाष्याने सगळं सांगितलं असावं, कारण त्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि साहेबांकडे पाहिलं.  वाटलं, आता. आता काहीतरी होणार. साहेब त्यांच्याशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलले. पुढच्या विमानांबद्दल बोलले असावेत, कारण बोट सारखं आभाळाकडे जात होतं. बाईंनी ऐकलं. मान हलवली. चष्मा घातला.

निकाल असा लागला की अवजारं वन्संच्या ताब्यात होती, म्हणून ती सांभाळणं हे त्यांचं काम होतं, आणि त्यात हयगय झाली. शिक्का रद्द. दोन देशांचं इतक्या दिवसांत एका गोष्टीवर तरी मनापासून एकमत झालं.

रद्द झालेला शिक्का मोडून टाकायचा असतो, म्हणजे दुसऱ्या कुणी तो वापरू नये. साहेबांनी तो टेबलाच्या खणातून काढला, साखळीसकट, आणि टेबलावर ठेवून कागदावर ठेवायच्या दगडी वजनाने त्यावर मारलं. पोलादाला काय होणार? टेबलाच्या काचेला तडा गेला. पुन्हा मारलं, शिक्का उडून माझ्या समोरच्या काचेवर आपटला. वन्संनी वाकून उचलला.

"असा नाही मोडत," त्या म्हणाल्या. "चला, खाली दाखवते."

त्या पुढे, साहेब मागे, मी त्यांच्या मागे. खालच्या कारखान्यात दाबयंत्र आहे, पत्रे वाकवायचं. तिथल्या कामगाराला वन्सं म्हणाल्या, "हा ठेव रे, आणि दाब. आकडा दिसता कामा नये." त्याने साहेबांकडे पाहिलं. मग वन्संकडे. त्याचा हात काही खटक्यावर जाईना. "दाब," वन्सं म्हणाल्या. सगळे बघत होते, चष्मेवालीही. एक छोटासा कर्कश आवाज झाला. वन्संनी तो चपटा तुकडा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट तपासला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला. "आकडा गेलाय. आता कुणी माझ्या नावावर काही मारू शकणार नाही. याची पावती द्या."

रस्त्यात माझा धीर सुटला. वन्सं खेकसल्या, "रडतेस कशाला? माझ्या नाकाने रडतेस?" पण त्यांचा आवाज फाटला होता. घरी जाऊन यंत्रापाशी बसल्या आणि न शिवताच नुसतं पायाने यंत्र चालवत राहिल्या. बिनदोऱ्याचं. तो आवाज मला सोसवेना.

मी दिवा लावला. रोज मी मनात बोलते, ओठ हलतात फक्त. त्या संध्याकाळी मी खिडक्या उघडल्या. समोरच्या घरातली ती वहिनी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. बरोबर. मी मोठ्याने सुरुवात केली. "देवा, आज काही मागत नाही. तुला नुसतं सांगते. ज्यांनी न बघता शिक्का मारायला लावला त्यांची पोरं विमानात बसतील तेव्हा त्या विमानात थांबा म्हणणारं कुणीतरी असू दे. आणि ज्यांनी दुकानात घास-बिस काढला त्यांच्याही पोरांच्या विमानात असू दे."

आतून हे, "अगं हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.